सूपभर तांबडा कोंडा

आधी तिचं सांगते, मग बाकीचं. कल्याणच्या खाडीकडच्या अंगाला, डोंबिवलीच्या वाटेवर, भाताच्या खाचरांमध्ये दहा-बारा घरांचा एक पाडा होता. तिथे ज्या म्हातारीच्या घरात आम्ही एक खोली घेऊन राहिलो, तिने मला हात दिला. ती माझी नात्याची नव्हे, गावची नव्हे, जातीचीही नव्हे. घरमालकीण. सगळा पाडा तिला आय म्हणायचा, म्हणून मीही आय म्हणू लागले. आज माझ्या घरात आठ वर्षांचा एक मुलगा आहे, शाळेत जातो, गुडघे फोडून घेऊन येतो, तो तिच्यामुळे. तो कुणाचा, हे मी इथे लिहिणार नाही. का लिहिणार नाही, तेच सांगायला बसले आहे.

मी देशावरची. चौथीत असताना आई अंथरुणाला खिळली आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी लग्न झालं. आमचे हे रेल्वेत सांधेवाले, कल्याणला. त्याआधी मी खाडी पाहिली नव्हती. दिवसातून दोनदा पाणी येतं, दोनदा जातं, मागे चिखल चकाकत राहतो, आणि हे कुणी करत नाही, आपलं आपण होतं, याची मला पहिले कित्येक महिने भीती वाटायची. यांची पाळी बदलती. मी दिवसभर एकटी. दाराला आतून कडी लावून बसायची, तर आय बाहेरून काठीने दार ठोकायची. "कोंबरी हायस का गो? खुराड्यात बसतेस ती? भायेर ये."

आय कोपरीकडच्या शेतकऱ्याची लेक. ठाण्याला तेव्हा स्टेशनाच्या त्या बाजूला नुसती शेतं आणि मिठागरं होती म्हणे. नवव्या वर्षी लग्न होऊन ती होडीतून या पाड्यावर आली, बरोबर एक पितळी तांब्या आणि माहेरच्या देवीचा चांदीचा टाक. तिचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. प्लेगाच्या साली आपल्याला दोन लेकरं होती, एवढं ती सांगायची. बाळंतपणं नऊ, जगलेला मुलगा एक. नवरा खाडीचा बांध फुटला त्यात गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ही डोक्यावर चिखलाची पाटी घेऊन त्याच बांधावर उभी. खारं पाणी शेतात बसलं असतं तर पुढची तीन वर्षं दाणा मिळाला नसता. हे सांगताना तिचा आवाज हलायचा नाही. जणू दुसऱ्याच कुणाचं सांगते आहे. तिच्या त्या खाऱ्या जमिनीत तांबडा भात व्हायचा. तो कांडला की कोंडाही विटकरीच्या रंगाचा निघायचा.

सकाळी टाकाला हळदकुंकू, मग गोठा, मग घरातल्यांची ताटं. सगळ्यांचं झालं की पदराखाली भाताचा मुटका घेऊन ती घरामागच्या तळ्यावर जायची. तळ्याच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड होते. साती आसरा. पाण्यातल्या सात बाया, त्यांचं ते ठाणं. मुटका ठेवून ती त्यांच्याशी बोलायची. हात जोडून नव्हे. बांधावरून शेजारणीशी बोलावं तसं, थोडं भांडल्यासारखं. "काय गो, आज गप का? पोटां भरली वाटतं?" मग थांबायची, ऐकल्यासारखी मान हलवायची, परत यायची आणि मगच जेवायची. ही वेळ नेहमी ऐन बाराची. उन्हात पाणी हलत नसे, पाखरू बोलत नसे. मी ओट्यावरून बघायची. आय बोलायची थांबली की त्या थांबण्यात मला काही ऐकू येईल, असं वाटून मी भांडी वाजवायला लागायची.

तिची सून माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी, तोंडाने तिखट. ती म्हणायची, "आमच्या सासूची तऱ्हाच येगली. मी कानात वरडली तरी ऐकू जात न्हाय, आन त्या सातजनी तोंड उघडत न्हाईत तरी हिला सगला समजतं."

माझं पहिलं मूल माहेरी झालं आणि पाचवी पुजायच्या आधीच गेलं. दुसरं या खोलीत झालं, आयच्या हातांवर. चार महिन्यांचं होऊन हसायला लागलं होतं. एका दुपारी त्याला पाळण्यात निजवून मी भांडी घासायला मागीलदारी गेले. परत आले तेव्हा पाळणा हलत होता आणि आतलं हलत नव्हतं. वारा नव्हता. घरात दुसरं कुणी नव्हतं. हे मी यांनाही सांगितलं नाही, फक्त आयला सांगितलं. तिने विचारलं, "कंच्या अंगाला जात होता पालना? तल्याच्या?" मी हो म्हटलं. ती उठली, दोरी सोडली आणि पाळणा घेऊन गेली.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी आनंद करायचं सोडून दिलं होतं. बाळंतविडा शिवला नाही, कुणाला पत्र टाकलं नाही. सातव्या महिन्यात आय येऊन माझ्यासमोर पाय पसरून बसली.

"ह्या टायमाला पोर तुजा नुको. मना दे."

"दे म्हंजे काय, आय?"

"इक. मी कोंड्यावर घेते."

ही चाल मला नवी नव्हती. ज्या बाईची मुलं राहत नाहीत तिचं मूल दुसरीने सूपभर कोंडा देऊन विकत घ्यायचं, म्हणजे नेणाऱ्याला ते सापडत नाही. आमच्या गावी केरकचऱ्यावरून, दगडाधोंड्यावरून नावं ठेवलेली कितीतरी माणसं होती, ती अशीच राहिलेली. पण तिथे हे सगळं हसतखेळत व्हायचं आणि दिवेलागणीपर्यंत मूल पुन्हा आईचं. आयच्या लेखी तो खेळ नव्हता. तिने अटी सांगितल्या. पोर पाच वर्षांचं होईपर्यंत तिचं. मी त्याला दूध पाजायचं, न्हाऊमाखू घालायचं, पण माझं म्हणायचं नाही, जगापुढे नाही की मनात नाही. पाच वर्षं भरली की मी माझ्या हाताने तांबडा भात कांडायचा, तेवढाच सूपभर कोंडा तिला परत द्यायचा, आणि पोर घ्यायचं.

"देऊन टाक गो," सून म्हणाली. "आतापावेतो तिघांना घेतलाय तिनी. दोघं आज बैल हाकतान."

"आणि तिसरं?"

ती पाणी भरून आली, हंडा ठेवला, मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "त्याच्या आयशीला दम निघला न्हाय. तिसऱ्याच वर्षी कोंडा टाकून घेऊन गेली. आठ दिवसांनी तल्यात गावला. पानी गुडघ्याएवरा होता."

मुलगा झाला. बाराव्या दिवशी आयने मला उंबऱ्याच्या आत पूर्वेकडे तोंड करून उभं केलं. सुनेने पोराला सुपात घेतलं, मागीलदाराने नेलं आणि उकिरड्यावर ठेवलं. वळून बघायचं नव्हतं. ते रडायला लागलं, माझ्या चोळीला दूध फुटलं, मी पूर्वेकडे बघत राहिले. मग आयचा आवाज आला, वाटसरू बोलावा तसा. "कनी टाकलाय गो ह्यो? कनाचाच न्हाय का?" आतून मी म्हणायचं होतं, "न्हाई, कुणाचं न्हाई." मी म्हटलं. ती पुढच्या दाराने त्याला घेऊन आली आणि तेच सूप तांबड्या कोंड्याने भरून माझ्या हातात दिलं.

तो कोंडा टाकायचा नव्हता, गुरांना घालायचा नव्हता. नाचणीच्या पिठात कालवून मी त्याच्या भाकऱ्या केल्या आणि चार दिवस खाल्ल्या. घशाला टोचायच्या. यांनी एक तुकडा तोंडात घातला आणि म्हणाले, "हे काय आता?" मी सांगितलं तेव्हा ताट बाजूला सारून हात धुतला. या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता, पण तिच्याविरुद्ध ते कधी बोललेही नाहीत.

पोर वाढलं. आय त्याला मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची आणि भूक लागली की हाक मारायची, "ये गो दूधवाले!" तोही बोलायला लागला तसा मला दूधवाली म्हणू लागला. पाडा हसायचा. मीही हसायची. आत जाऊन पदर तोंडात धरायची.

तो दीड वर्षाचा असताना माझ्या हातून चूक झाली.

भर दुपार. आय कधी नव्हे ती ठाण्याला गेली होती, माहेरच्या देवीला. मी त्याला कडेवर घेऊन तळ्यावर लुगडं पिळायला गेले. समोरच्या काठाला एक बाई पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभी. केस मोकळे, निथळत. पलीकडच्या पाड्यावरची असेल, असं वाटलं. तिने मान वाकडी करून पोराकडे बघितलं आणि गोड आवाजात विचारलं, "किती गुनाचा हाय. कनाचा गो?"

किती दिवसांनी कुणी असं विचारलं होतं! मी एकदम बोलून गेले, "माझा."

ती हसली. मी खाली वाकून लुगड्याचा पिळा टोपलीत टाकला आणि वर बघितलं तर काठ मोकळा. पाण्यावर एक तरंग नाही. नंतर सुनेने सांगितलं की त्या काठाला पायवाटच नाही, नुसता कमरेएवढा चिखल.

पोराला त्याच दिवशी ताप भरला. डोळे उघडे, पण माझ्याकडे वळेना. हाक मारली तर तळ्याच्या बाजूच्या भिंतीकडे बघायचा आणि ओठ हलवायचा, कुणाशी तरी बोलत असल्यासारखा. यांनी कल्याणहून डॉक्टर आणला, त्याने कडू औषध दिलं, हिवताप आहे म्हणाला. औषध मी वेळेवर देत होते, ते लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आय परतली. दारातूनच तिने भिंत बघितली, पोर बघितलं, मला बघितलं.

"बोललीस?"

मी मान खाली घातली.

"कनाला?"

मी सांगितलं. ती मला शिव्या देईल असं वाटलं. तिने फक्त कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "तुना दोस न्हाय देत. आठ येला मीबी बोलली व्हती."

ऐन बाराला तिने पोराला सुपात निजवलं आणि मला पुढे घालून तळ्यावर नेलं. त्या दिवशी तिच्या बोलण्यात गंमत नव्हती. सात दगडांसमोर कमरेवर हात ठेवून ती गरजली, "कोंडा मी दिलाय. तिनी भाजून खाल्लाय, तुमी बगलाव. पोर माजा हाय. तिची जीभ घसरली म्हनून सौदा मोडत न्हाय. इचारा तिला."

मग मला म्हणाली, "सांग. तीनदा."

मी म्हटलं, "माझा न्हाई." त्या आवाजाने पोराने माझ्याकडे मान वळवली. ताप भरल्यापासून पहिल्यांदा. मी दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा त्याने सुपातून माझ्याकडे हात केले. तिसऱ्यांदा माझा आवाज फुटेना. आयने माझ्याकडे बघितलं नाही, ती पाण्याकडेच बघत होती. मी तिसऱ्यांदा म्हटलं. पोर हंबरडा फोडून रडायला लागलं. आयने त्याला उचललं, खांद्याशी धरलं आणि पाण्याला सांगितलं, "जवर ह्यो माजा, तवर मी जावाची न्हाय. आन मी हाय तवर ह्याला हात लावाचा न्हाय. बोलली मी."

ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण ती बोलायची थांबली आणि त्या थांबण्यात मान हलवली, नेहमीसारखी, कुणीतरी कबूल झाल्यासारखी.

संध्याकाळी ताप उतरला. हे म्हणतात औषधाने. असेल. मी औषधाची बाटलीही जपून ठेवली आहे आणि तळ्यावरचं ते बोलणंही.

पाच वर्षं भरली. मी आदल्या दिवशी भात कांडून, पाखडून सूप भरून ठेवलं. सकाळी ते घेऊन निघाले तर आय पुढच्या ओट्यावर बसली होती. डोक्यावरून न्हालेली. अंगावर नवं लुगडं. पोर मांडीवर. सुनेने मला आत ओढलं. तिचे डोळे सुजले होते. "टाक मना दिला तिनी. गोधडी गड्याच्या बायकोला दिली. बोलते, आज दूधवालीचा तिला दिला का मी मोकली."

मी दारापर्यंत गेले. आय तळ्याकडे तोंड करून शांतपणे सांगत होती, "झाला गो. आज तिचा तिला देते. मंग माजा काय तो बगा."

आता पोर मिळणार होतं. आणि आय जाणार होती. आणि आय गेली म्हणजे त्या तळ्याला कोण आवरणार, हेही त्याच वेळी मनात आलं. आयसाठी थांबले की पोरासाठी, हे मला आजही सांगता येत नाही. मी मागे फिरले, गोठ्यात गेले आणि कोंडा म्हशीच्या घमेल्यात ओतला. परत येऊन म्हटलं, "आय, कोंड्याला कीड लागली."

तिने माझ्याकडे किती वेळ बघितलं. मग माझ्या हाताकडे. हाताला तांबडा कोंडा चिकटलेला होता.

"कीर?" ती म्हणाली. "बरं. नवा कांड. मी बसते, मना काय." आणि पोराला म्हणाली, "जा रे, दूधवालीकडं जा, न्यारी कर."

तीन महिन्यांनी यांची बदली झाली, इकडे मध्य प्रदेशातल्या जंक्शनावर. निघताना आयने पोराचा पापा घेतला आणि माझ्या हातात तांबड्या भाताचं मोठं गाठोडं दिलं. "माज्याच शेताचा हाय. दुसरा चालाचा न्हाय. आनशील तवा आन. तवर पोर माजा, तू सांभाल."

त्याला आता तीन वर्षं होतील. इथे खाडी नाही, तळं नाही, नळाला पाणी आहे. मुलगा धडधाकट आहे. मला आता दूधवाली म्हणत नाही, सगळ्या मुलांसारखी आई म्हणतो, आणि तो म्हणाला की मी इकडेतिकडे बघते. एक गोष्ट मात्र होते. सुटीच्या दिवशी ऐन बाराला तो जेवता जेवता उठतो आणि उंबऱ्यावर जाऊन बसतो. एक पाय पसरून, हात गुडघ्यावर, तोंड मावळतीकडे. इथून कल्याण त्याच बाजूला. काय करतोस रे, विचारलं तर म्हणतो, "काही नाही. बसलोय."

गेल्या महिन्यात यांचे कल्याणचे एक जुने सोबती कामावरून इकडे आले होते. जेवताना मी विचारलं, आमची म्हातारी कशी आहे? त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, आहे. डोळे गेले, पाय गेले, पेजेचा घोट सोडून पोटात काही जात नाही. दोन वर्षं डॉक्टर आज-उद्याचं सांगतो आहे. सून रोज उचलून ओट्यावर बसवते. बारा वाजले की तळ्याकडे तोंड करते, आणि मग वाटेकडे. एकच विचारते, "दूधवाली आली का गो?"

हे ऐकून मी त्या दिवशी ट्रंक उघडली. गाठोडं तसंच आहे. भाताला कीड लागलेली नाही, एकही दाणा काळा पडलेला नाही. मी उखळ धुऊन उन्हात ठेवलं. संध्याकाळी तसंच आत घेतलं.

मला भीती वाटते. लहानपणापासूनच मी भित्री आहे. पण आय, तू माझ्यासाठी त्या पाण्यापुढे उभी राहिलीस, आणि माझ्या भीतीपायी तू इतकी वर्षं उन्हात बसली आहेस, हे मला कळतं. अजून थोडी बस, आय. मी भात कांडीन, सूप शिगोशीग भरीन आणि तुझा कोंडा एक दिवस तुझ्या हातात आणून देईन. मागीलदाराने नाही, पुढच्या दाराने येईन, मुलाचा हात धरून. आणि तुझ्यासमोर, तळ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, तो कुणाचा ते सांगेन.